एकट्या प्याद्याने हत्तीवर विजय कसा मिळवावा: फेंटन–पॉटर डावातून निघालेली एक स्थिती

बुद्धिबळाच्या पटावर दोन राजे, एक हत्ती आणि एक प्यादे एवढेच उरले, की हत्तीवाल्याने निदान हरू नये असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्यादे वजीर होण्याच्या बेतात असले, तरी हत्ती त्याच्यावर झडप घालतो आणि डाव बरोबरीत सुटतो. १८७५ साली फेंटन आणि पॉटर यांच्यात झालेला डाव असाच बरोबरीत सोडण्यात आला होता. प्याद्याच्या बाजूला तो जिंकता आला असता, हे योहानेस झुकरटोर्ट यांनी त्याच वर्षी दाखवून दिले. वीस वर्षांनी, १८९५ मध्ये, ग्लासगोच्या एका साप्ताहिकात बुद्धिबळाचे सदर चालवणाऱ्या बार्बिए यांनी त्या डावाची आठवण म्हणून एक स्थिती छापली. ती मूळ डावाशी तंतोतंत जुळत नव्हती, परंतु अखेरच्या टप्प्यातील कौशल्य शिकण्यासाठी तिच्याइतके चांगले साधन सापडणे कठीण आहे.

प्रथम पट मांडून घ्यावा. (घराच्या नावातील अक्षर उभी पट्टी आणि अंक आडवी रांग दाखवतो.) पांढऱ्याचा राजा बी६ वर आणि प्यादे सी६ वर ठेवावे. काळ्याचा राजा ए१ वर आणि हत्ती डी५ वर ठेवावा. चाल पांढऱ्याची आहे. स्थितीचे हे आज प्रचलित असलेले रूप आहे. मोबाइलवर पाहण्यापेक्षा खऱ्या पटावर सोंगट्या हलवत गेल्यास कोणते घर कोणाच्या ताब्यात आहे हे अधिक नीट कळते.

पहिली चाल शोधण्यास कष्ट पडत नाहीत. प्यादे सी७ वर ढकलावे. आता हत्ती सी५ वर आला तर राजा त्याला मारतो आणि डी८ वर गेला तर प्यादेच त्याला मारून वजीर होते, म्हणून काळ्याला डी६ वरून शह देण्यावाचून गत्यंतर नाही.

खरी कसोटी येथून सुरू होते. शहातून निसटण्यासाठी राजाला पाच घरे मोकळी आहेत, परंतु त्यांपैकी एकच बरोबर आहे. बी७ किंवा ए७ वर गेल्यास हत्ती डी७ वर येतो, प्यादे जागीच जखडले जाते आणि पुढच्या चालीला मारले जाते. ए५ वर गेल्यास हत्ती सी६ वर बसतो. तेथे त्याला हात लावायला राजा जवळ नसतो आणि प्यादे वाचत नाही. सी५ हे घर वरवर सर्वांत आकर्षक दिसते, कारण तेथून राजा थेट हत्तीवर हल्ला करतो, पण खरा सापळा तेथेच आहे. हत्ती डी१ पर्यंत खाली उतरतो, प्यादे वजीर होते, हत्ती सी१ वरून राजाला शह देतो आणि राजा बाजूला होताच त्याच्या मागे सी८ वर उभा असलेला वजीर मारतो.

म्हणून राजा बी५ वर न्यावा. हत्तीने डी५ वरून शह दिला की बी४ वर, डी४ वरून दिला की बी३ वर, असे एकेक घर खाली उतरावे. या उतरणीमागचे सूत्र समजले तर चाली पाठ करण्याची गरज उरत नाही. राजा बी पट्टीवर असल्यामुळे सी१ वरचा शह संभवत नाही. शिवाय हत्ती ज्या आडव्या रांगेत आहे, त्या रांगेतील सी पट्टीवरचे घर प्रत्येक वेळी राजाच्या ताब्यात असते, म्हणजे हत्तीला प्याद्याच्या मागे जाऊन बसताही येत नाही. प्रत्येक शहानंतर हे दोन्ही प्रश्न स्वतःला विचारावेत आणि मगच सोंगटीला हात लावावा. जाता जाता सांगायचे, तर डी४ वरच्या शहानंतर राजा सी३ वर गेला तरी चालते, कारण हत्ती डी१ वर उतरताच राजा सी२ वर येऊन त्याच्यावर हल्ला करतो. सी५ आणि सी४ वरून ही सोय नव्हती.

डी३ वरून शेवटचा शह मिळाल्यावर राजा सी२ वर ठेवावा. आता सी३, सी१, डी१ आणि डी२ यांपैकी कोठेही हत्ती गेला तरी राजा त्याला मारणार, डी३ वर थांबला तरीही मारणार. डाव संपला असे वाटण्याचा हाच क्षण आहे आणि घाईघाईत प्यादे पुढे सरकवून वजीर मागण्याचा मोह येथेच होतो.

काळा आता हत्ती डी४ वर नेतो. ही चाल बार्बिए यांनी दाखवली आणि तिच्या जोरावर ही स्थिती बरोबरीची ठरवली. वजीर केला, तर हत्ती सी४ वरून शह देतो. वजिराने तो मारला की काळ्याच्या राजाला एकही चाल उरत नाही: बी१ आणि बी२ पांढऱ्या राजाने अडवलेले, ए२ वजिराने. शह नाही आणि चालही नाही, म्हणजेच स्टेलमेट, आणि डाव बरोबरीत. हत्ती मारला नाही, तर तोच वजिराला मारतो.

ग्लासगोत राहणारे स्पॅनिश धर्मगुरू फर्नांडो साव्हेद्रा यांनी यातून वाट काढली: प्याद्याचा वजीर न करता हत्तीच करावा! बुद्धिबळाच्या इतिहासात त्यांचे नाव राहिले ते या एका चालीमुळे. आता काळ्याने पुन्हा सी४ वरून शह दिला आणि नव्या हत्तीने तो मारला, तर सी४ वरच्या हत्तीची नजर ए२ वर पडत नसल्याने काळ्याच्या राजाला तेथे जाता येते, आणि मग ए४ वरून हत्ती मात करतो. स्टेलमेट टळला एवढेच नव्हे, तर सी८ वरचा हत्ती ए८ वर येऊन मात करण्याची धमकीही देत आहे. ती अडवण्यासाठी काळ्याने हत्ती ए४ वर आणला की राजा बी३ वर न्यावा. एकाच चालीत ए४ वरच्या हत्तीवर हल्ला झाला आणि सी१ वरून मात होण्याचा धोकाही उभा राहिला. काळ्याला दोन्ही एकदम वाचवणे शक्य नाही. हत्ती हलला तर मात होते, राजा बी१ वर गेला तर हत्ती जातो, आणि बी४ किंवा ए३ वरून शह दिला तर राजा हत्तीच मारून टाकतो.

सरावासाठी हीच स्थिती पुन्हा मांडावी, मात्र काळ्याचा राजा ए१ ऐवजी एच६ वर ठेवावा. साऱ्या चाली त्याच राहतात, परंतु डी४ नंतर बिनधास्त वजीर करता येतो, कारण सी४ वरचा हत्ती वजिराने मारल्यावर कोपऱ्यात अडकलेला राजाच नसतो. दोन्ही स्थिती समोरच्या खेळाडूला बचाव करायला लावून एकामागून एक खेळाव्यात, आणि बढतीच्या (प्याद्याची मोठी सोंगटी करण्याच्या) आधी प्रत्येक वेळी काळ्याच्या राजाला कोणकोणती घरे मोकळी आहेत हे मोठ्याने म्हणून दाखवावे.