पोस्टग्रेसमध्ये टेबल स्कॅनला घाबरताय? या चुका टाळा

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये क्वेरी रेंगाळली की एक्सप्लेन मारून तिचा प्लॅन बघायचा आणि त्यात सीक्वेन्शियल स्कॅन (अख्खं टेबल क्रमाने वाचणं) दिसला की इंडेक्स टाकून मोकळं व्हायचं. नवीन मुलांची ही घाई बघून खरंच वैताग येतो. अरे, क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या ऑप्टिमायझरने हिशेब काय केलाय तो तरी बघा!

हिशेब सोपा आहे. प्रत्येक पेजला (डेटा ज्या ठरावीक तुकड्यांत वाचला जातो तो एक तुकडा) १, प्रत्येक रेकॉर्डला ०.०१, आणि अट तपासायला रेकॉर्डमागे साधारण ०.००२५. टेबल १०,००० पेजचं, रेकॉर्ड १० लाख, अट एकच असेल तर १०,००० + १०,००० + २,५०० म्हणजे २२,५००. हे मिलिसेकंद नव्हेत. क्रमाने एक पेज वाचायचा खर्च १ धरून केलेली ही तुलना आहे. इंडेक्सवरून इकडेतिकडे जाऊन वाचलेल्या पेजला मूळ सेटिंगमध्ये ४ पडतात. टेबलाचा मोठा भाग हवा असेल तर सरळ स्कॅनच स्वस्त पडतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मोठा डेटा भरून टेबलाची आकडेवारी ताजी करणारं अ‍ॅनलाइझ न चालवणं. रबाळ्यातल्या एका कंपनीत रात्रीचा जॉब पहाट झाली तरी संपत नव्हता. टेबल अडीच महिन्यांचं, ३ कोटी रेकॉर्डांचं. रोज ४ लाखांची भर. आपोआप होणारं अ‍ॅनलाइझ साधारण १० टक्के बदल झाल्यावर सुरू होतं, म्हणजे इथे ३० लाखांनंतर. तोवर आठवडा जातो. पोस्टग्रेस कॉलममधल्या नेहमी येणाऱ्या व्हॅल्यूंची यादी ठेवतं, मूळ सेटिंगमध्ये १०० पर्यंत. जुन्या सगळ्या तारखा त्या यादीत मावलेल्या, आजची मात्र नाही. मग आजच्या तारखेसाठी अंदाज निघाला १ रेकॉर्डचा! एकाच रेकॉर्डसाठी म्हणून नेस्टेड लूप (एका टेबलाच्या प्रत्येक रेकॉर्डसाठी दुसरं टेबल धुंडाळणं) निवडला, आणि इंडेक्स नसलेलं ८०,००० ग्राहकांचं टेबल ४ लाख वेळा स्कॅन होत राहिलं. म्हणजे ३,२०० कोटी तुलना. तिथली टीम दोन दिवस सर्व्हरची रॅम वाढवून मागत होती. लोडनंतर अ‍ॅनलाइझची एक ओळ टाकली, हॅश जॉइन (दुसरं टेबल एकदाच वाचून जुळवणं) आला, जॉब वेळेत संपू लागला. माझ्या प्रत्येक लोड स्क्रिप्टची शेवटची ओळ तीच असते. आणि क्वेरी खरंच चालवून बघणारं एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ बघताना मी खर्चाच्या आकड्याआधी अंदाजाचे रेकॉर्ड आणि प्रत्यक्षातले रेकॉर्ड शेजारी ठेवून बघतो. जिथे हजारपटीचा फरक, तिथेच दुखणं.

सीक्वेन्शियल स्कॅन सेटिंगमधून बंद करून ते प्रॉडक्शनवर तसंच ठेवणं मला अजिबात मान्य नाही. स्वतःच्या सेशनमध्ये दुसरा प्लॅन कसा दिसतो ते बघायला जरूर वापरा. कायमचं ठेवलंत तर ज्या क्वेरींना स्कॅनच योग्य होता त्याही बिघडतात, आणि तो ताप तुमच्यानंतर येणाऱ्याच्या डोक्याला.

आकडेवारी आपोआप ताजी करणारं ऑटोव्हॅक्युम टेम्पररी टेबलाला हात लावत नाही. अ‍ॅनलाइझ हातानेच चालवा.

टाइमस्टॅम्प कॉलमची तारीख करून ‘=’ ची अट लावलीत की कॉलमची आकडेवारी वापरता येत नाही आणि सरसकट अर्धा टक्का धरला जातो. त्याऐवजी ‘आजपासून उद्याच्या आत’ अशी रेंज द्या.

एसएसडीवर इकडेतिकडे वाचलेल्या पेजचे ते ४ तसेच ठेवू नका. मी १.१ ठेवतो.

शहर ठाणे आणि पिनकोड ४००६०१ अशा दोन अटी एकत्र आल्या की ऑप्टिमायझर त्यांना स्वतंत्र समजून दोघांचे वाटे गुणतो आणि अंदाज फार खाली येतो. पोस्टग्रेस १० पासून अशा जोडीची एकत्र आकडेवारी ठेवायला क्रिएट स्टॅटिस्टिक्स ही कमांड आहे. ते बनवल्यावर पुन्हा अ‍ॅनलाइझ करा, नाहीतर ते रिकामंच राहतं.