सॉल्टमधलं क्लोराइड की नळाच्या पाण्यातलं?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांतून दहावी होऊन पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला गेलेली मुलं सॉल्ट अ‍ॅनालिसिसचा, म्हणजे दिलेला क्षार कोणत्या आयनांचा हे ओळखण्याच्या प्रॅक्टिकलचा, धसका घेतात. 'प्रेसिपिटेट' म्हणजे शाळेतला अवक्षेपच, एवढं कळलं की भाषेचं ओझं बरंच उतरतं. पुढे चुकतं ते बहुतेक वेळा सॉल्टमुळे नाही, टेस्ट ट्यूबमुळे.

नळाचं पाणी राकसकोपच्या तलावाचं असो की हिडकलच्या धरणाचं, त्यात थोडं क्लोराइड असतंच. बोअरचं तर विचारूच नका. त्या पाण्याने विसळलेल्या ट्यूबमध्ये सिल्व्हर नायट्रेट पडलं की गढूळपणा येतो आणि 'क्लोराइड' लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. म्हणून शेवटचं विसळणं डिस्टिल्ड वॉटरनेच. तरी शंका असेल तर सॉल्ट न घालता तेच पाणी, तेच रिएजंट दुसऱ्या ट्यूबमध्ये घ्या आणि दोन्ही शेजारी धरा. क्लोराइडचा खरा अवक्षेप फाटलेल्या दुधासारखा असतो, जास्तीच्या अमोनियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळतो. ब्रोमाइडचा फिकट पिवळा, अर्धवट विरघळणारा. आयोडाइडचा पिवळा ढिम्म हलत नाही. सिल्व्हर नायट्रेटच्या आधी विरल नायट्रिक आम्लाचे काही थेंब हवेत, नाहीतर कार्बोनेटही अवक्षेप देऊन फसवतं. चुकून हायड्रोक्लोरिक घातलंत, तर ते क्लोराइड तुमचंच!

अमोनियमचंही तसंच. ती टेस्ट मूळ सॉल्टवर, सगळ्यांत आधी: सोडियम हायड्रॉक्साइड घालून गरम करा, ट्यूबच्या तोंडाशी ओला लाल लिटमस धरा. धातूंचे आयन गटागटाने तपासतात; त्या पुढच्या गटांत अमोनियम क्लोराइड आपणच ओततो, मग कुठलं अमोनियम कुणाचं हे कळायचं कसं?

नायट्रेटच्या तपकिरी कड्यासाठी फेरस सल्फेट ताजंच करा. जुनं ऑक्सिडाइझ होऊन पिवळट पडतं. संहत सल्फ्युरिक आम्ल तिरक्या ट्यूबच्या कडेने सोडा आणि हलवू नका.

खरी परीक्षा तिसऱ्या गटात. आधी संहत नायट्रिकचे दोन-चार थेंब घालून उकळा, म्हणजे फेरस असेल तर फेरिक होतं. मग चमच्याच्या टोकावर मावेल तेवढं घन अमोनियम क्लोराइड विरघळवा, गार करा, आणि मगच वास येईपर्यंत अमोनियम हायड्रॉक्साइड. क्रम उलटा केला किंवा अमोनियम क्लोराइड कमी पडलं, तर हायड्रॉक्साइड आयन जास्त होतात आणि मॅग्नेशियमसुद्धा इथेच बसायला लागतं. लोखंडाचा अवक्षेप विटकरी, लगेच दिसतो. अ‍ॅल्युमिनियमचा मात्र पातळ पेजेसारखा, जवळजवळ पारदर्शक; घाईत 'काही नाही' म्हणून पुढे जाल. ट्यूब काळ्या वहीपुढे धरून मिनिटभर थांबा.

दोन्ही असतील तर तपकिरी रंगात पांढरा लपतो. जास्तीचं सोडियम हायड्रॉक्साइड घालून गरम करा: अ‍ॅल्युमिनियम विरघळतं, लोखंड तळाशी राहतं. गाळून घेतलेल्या पाण्यात विरल हायड्रोक्लोरिक घालून आम्लधर्मी करा, मग अमोनियम हायड्रॉक्साइड घातलं की पेज पुन्हा दिसते. आपल्या जांभ्या मातीत हे दोघं एकत्रच नांदतात. बेळगावच्या हिंडाल्कोत बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना काढतात तेही कॉस्टिकच्या (म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडच्याच) याच गुणावर. मागे उरणारा लाल चिखल म्हणजे तुमच्या फिल्टर पेपरवरचं लोखंड.