कर्करोग संशोधनातले पीएचडी विद्यार्थी : गाइडनी या चुका टाळायलाच हव्यात

नवा विद्यार्थी रुजू झाला की आधीच्या विद्यार्थ्याने गोठवून ठेवलेली सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी, त्याच्या हाती येते, आणि सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. कुपीवरच्या नावावर विसंबू नका. एमडीए-एमबी-४३५ ही सेल लाइन कित्येक वर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरात होती; ती निघाली मेलानोमाची, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाची. त्यामुळे आधी एसटीआर प्रोफाइलिंग (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणारी चाचणी) करून घ्या, नाहीतर पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेकडून नवी कुपी मागवा.

पेशींना लागणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जंतूचं तसंच. मीडिया, म्हणजे पेशी वाढवायचं पोषक द्रावण, गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही, आणि या जंतूला पेशीभित्तिकाच नसल्यामुळे पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही. पेशी नुसत्या मंदावतात, निकाल दर वेळी वेगळा येतो. विद्यार्थिनीला वाटतं, आपलंच पिपेटिंग (नळीने द्रव मोजून घालणं) चुकतंय. ‘तुझा हात अजून बसला नाही’ असं तिला सुनावण्याआधी मायकोप्लाझ्माची पीसीआर चाचणी करा. अशा एका वाक्याने मुलं खचतात, हे फार वाईट आहे.

पूर्ण प्रबंध रुग्णांच्या नमुन्यांवर बेतणं हीसुद्धा नेहमीची चूक. एथिक्स कमिटीची मंजुरी, रुग्णाची संमती, मग शस्त्रक्रियेच्या तारखा. यात महिने जातात. तोवर करता येईल असं एखादं प्रकरण टीसीजीए या कर्करोगाच्या जनुकीय माहितीसंग्रहाच्या खुल्या डेटावर ठेवा.

पैशांचा विषय ‘ऑफिस बघेल’ म्हणून सोडू नका. जानेवारी २०२३पासून केंद्राच्या बऱ्याच योजनांत जेआरएफला (ज्युनिअर रिसर्च फेलो) दरमहा ३७,००० आणि एसआरएफला (सीनिअर रिसर्च फेलो) ४२,००० रुपये आहेत, पण रक्कम हातात पडेपर्यंत खोलीभाडं आणि मेसचं बिल थांबत नाही. निधी कसा खर्च झाला हे सांगणारं प्रकल्पाचं उपयोगिता प्रमाणपत्र रखडलं की पुढचा हप्ता अडकतो, आणि त्यावर सही तुमची असते. दोन वर्षांनी जेआरएफचं एसआरएफ होताना मूल्यमापनाची बैठक लागते. तिची तारीख आधीच ठरवून ठेवा.

खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र) प्रयोगशाळा आणि रुग्णालय एकाच आवारात आहेत. अशा ठिकाणी येताजाता रुग्ण दिसतात. ज्याच्या घरात कुणाला कर्करोग झालाय, त्याला ते जड जाऊ शकतं. त्याच्याशी दार लावून निवांत बोला.

आणि सुट्ट्या. गणपतीत गावी जाणाऱ्याच्या पेशींना मीडिया कोण बदलणार, हे लॅब मीटिंगमध्ये आधीच ठरवा. कुणीच नसेल, तर पेशी गोठवायला सांगा आणि त्याला निर्धास्त जाऊ द्या.