क्रूझ मुरगावला लागली की दिवाडीची फेरीबोट अशी गाठा

मुंबईहून सुटलेली क्रूझ मुरगाव बंदराला लागते त्या सकाळी न्याहारीच्या टेबलांवर एकच चर्चा असते: उतरून करायचं काय? हातात जेमतेम सहा-सात तास. बरेच जण जहाजावरच मिळणारी बसची सहल घेतात. दोन चर्च, एखादा किनारा, काजूचं दुकान आणि परत. मी तुम्हाला दुसरं सुचवते. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत चढा आणि मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर जा. पायी जाणाऱ्याला तिकीट लागत नाही. नदीवरचा प्रवास पाच-सात मिनिटांचा. पण त्या मिनिटांत शाळेची मुलं, बाजार करून निघालेल्या बायका, मोटारसायकलवरचा पोदेर (पाववाला) हे सगळे तुमच्या खांद्याला खांदा लावून उभे असतात. दिवाडीला पूल नाही. त्यामुळे ही बोट म्हणजे बेटावरच्या लोकांचा रोजचा रस्ता आहे, आणि ती तशीच, त्यांच्या रस्त्यावर पाहुणे म्हणून जावं तशी, अनुभवावी.

आदल्या रात्रीचं काम

जहाजावर परत चढण्याची शेवटची वेळ आदल्या रात्रीच स्वागतकक्षात विचारून घ्या. जहाज सुटण्याची वेळ आणि चढण्याची शेवटची वेळ यांत फरक असतो. तुमच्या कामाची दुसरी. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर कंपनी सांभाळून घेते. स्वतःच्या हिमतीवर गेलेल्यासाठी जहाज थांबेलच असं नाही. म्हणून सगळं गणित शेवटापासून मागे करायचं.

समजा, चढण्याची शेवटची वेळ संध्याकाळी 5 आहे. मग बंदराच्या फाटकावर साडेतीनला पोचायचं असं धरा. जुन्या गोव्याहून मुरगाव टॅक्सीने साधारण तासाभराचा रस्ता, पण वास्कोत वाहतूक तुंबते, म्हणून सव्वा ते दीड तास हाताशी हवा. म्हणजे जुनं गोवं दोनला सोडायचं. त्यासाठी दिवाडीचा धक्का सव्वा वाजता गाठायचा, कारण एक फेरी चुकली तरी पुढची मिळायला हवी. ही सव्वा एकची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवा. बेटावर सावलीत बसलं की घड्याळाकडे लक्ष जात नाही, हे मी अनुभवाने सांगते.

जहाजाचं कार्ड आणि सरकारी ओळखपत्र दोन्ही सोबत घ्या. फाटकावर परत येताना ती मागतात.

फाटकापासून जुन्या गोव्यापर्यंत

टॅक्सी करणार असाल तर जाणं, थांबणं आणि येणं मिळून भाडं आधी ठरवा. ‘बघू नंतर’ म्हणून गाडीत बसू नका. गाडी जुन्या गोव्यातच थांबवा आणि बोटीत पायी चढा. निदान पहिल्या खेपेला तरी. तीन-चार जण असाल तर टॅक्सी फार महाग पडत नाही. एकटे असाल आणि वेळ भरपूर असेल, तर वास्कोच्या कदंबा स्टँडवरून पणजीची बस आणि पणजीहून फोंड्याच्या बाजूला जाणारी, जुन्या गोव्याला थांबणारी बस असाही मार्ग आहे. त्यात दोन बस लागतात, तेव्हा जाताना बस आणि येताना टॅक्सी ही जोडी मला जास्त शहाणपणाची वाटते.

रस्त्यात झुआरीवरचा नवा पूल लागतो. 1983 मध्ये पहिला पूल होईपर्यंत कुठ्ठाळी ते आगशी हे अंतरही फेरीबोटीनेच कापायचे. गोव्यातल्या जुन्या लोकांना त्या रांगा अजून आठवतात.

कमानीखालून धक्क्याकडे

से कॅथेड्रल आणि बॉम जीझस बॅसिलिका समोरासमोर आहेत. दोन्हींना मिळून अर्धा-पाऊण तास द्या. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. मग सेंट कॅजेटन चर्चवरून नदीकडे उतरणारा रस्ता धरा. वाटेत जांभ्या दगडाची एक कमान लागते. 1597 मध्ये व्हाइसरॉय होऊन आलेल्या फ्रान्सिस्को द गामाने आपल्या पणजोबाच्या, म्हणजे वास्को द गामाच्या, स्मरणार्थ ती उभारली. नदीच्या बाजूने पाहिलं तर वर पणजोबांचा पुतळा दिसतो. गोव्यात येणारा नवा व्हाइसरॉय नदीकडून याच कमानीतून शहरात शिरायचा. तुम्ही उलट्या दिशेने, शहरातून नदीकडे चालला आहात. सरळ खाली गेलं की रस्ता पाण्यात संपतो. तोच धक्का.

बोटीत चढताना

इथे घाई नको. बोट उतारावर येऊन लोखंडी फळी टाकते. आधी माणसं आणि गाड्या उतरू द्या, बाजूला उभे राहा. ओहोटीला उताराच्या खालच्या टोकाला शेवाळ असतं आणि तिथे चप्पल हमखास घसरते. मुलांचा हात धरा. चढल्यावर मधली जागा गाड्यांची. तुम्ही कडेच्या बाकावर किंवा कठड्याला धरून उभे राहा, फळीवर मात्र नको. फोटो नदीचे, झाडांचे, बगळ्यांचे काढा. शेजारच्या कोळणीचा काढायचा असेल तर आधी विचारा. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा तिने विचारलं, त्या बाईंनी पाटीतले बांगडे वर करून दाखवले, आणि पलीकडचा किनारा येईपर्यंत दोघींचं तिरफळाच्या आमटीवर बोलणं चाललं होतं. एक मराठीत, एक कोकणीत. कुणाचं काही अडलं नाही.

बेटावर दीड तास

धक्क्यावरून पिएदाद गावाकडे जाणारा रस्ता खाजन शेतीतून जातो. खाऱ्या पाण्याच्या कडेला बांध घालून मिळवलेली ही जमीन. भरतीचं पाणी आत किती घ्यायचं हे बांधातलं ‘मानस’ नावाचं लाकडी दार ठरवतं. हा रस्ता चालायला सपाट आहे, पण ऊन झेलावं लागतं. टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. पुढे टेकडीवर पिएदादचं चर्च आहे. तिथल्या दफनभूमीतल्या छोट्या चॅपेलचं छत नक्की पाहा: ते कदंब राजांच्या काळातल्या मंदिराचा उरलेला भाग मानलं जातं. खाली मांडवीचं वळण आणि पलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात. चर्चपर्यंत जाऊन परत यायला एवढा वेळ पुरतो.

मराठी माणसासाठी या बेटाचा आणखी एक धागा आहे. कदंबांचं कुलदैवत सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवर होतं. पोर्तुगीज राजवटीत ते पाडलं गेल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्वे गावी गेला. तिथल्या मंदिराचा 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार करवला. दिवाडीच्या दुसऱ्या टोकाहून नार्वेलाही फेरीबोट जाते. पण क्रूझच्या वेळेत दोन्ही करू नका. नार्वे करायचंच असेल तर चर्च पूर्ण सोडा, टॅक्सी बोटीवर घ्या (गाडीला थोडे पैसे पडतात) आणि त्याच मार्गाने परत या.

परतताना बोट यायला वेळ लागला तर धीर सोडू नका. बेटाहून रायबंदरलाही फेरीबोट जाते. टॅक्सीवाल्याचा नंबर घेऊन ठेवला असेल तर त्याला सरळ रायबंदरला बोलवता येतं. म्हणून गाडीतून उतरतानाच नंबर घ्या आणि त्याला एकदा मिस्ड कॉल द्या.

जहाज उशिरा लागलं तर

चढण्याच्या शेवटच्या वेळेआधी पाच तासांहून कमी उरले असतील, तर दिवाडी सोडून द्या. पणजीला जा आणि तिथून समोर बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीत बसा. पायी जाणाऱ्याला तिथेही तिकीट नाही, आणि पणजीत बसच्या थांब्यापासून ते नदीकाठच्या जुन्या सचिवालयापर्यंत सगळं शहर पाण्यावरून दिसतं. बेतीला उतरून चहा घ्या आणि पुढच्या फेरीने परत या.