बायबलच्या नियमांत शास्त्र्यांचा हात कसा ओळखावा

बायबलमध्ये एकच नियम दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी आढळला, की आपण लगेच त्यांचा मेळ घालायला बसतो. निदान पहिल्या वाचनात हा मोह टाळावा, कारण प्राचीन यहुदी शास्त्र्यांचे, म्हणजे पवित्र ग्रंथ लिहिणाऱ्या व नव्याने मांडणाऱ्या पंडितांचे, काम नेमके त्या विसंगतीतच दिसते. 'या वचनांत भर घालू नका, त्यांतून काही कमी करू नका' असे अनुवाद ४:२ मध्ये बजावलेले असताना नवा नियम द्यायचा, तर तो जुन्याच शब्दांतून द्यावा लागे. (येथे 'अनुवाद' म्हणजे भाषांतर नव्हे, मराठी बायबलमधील पाचव्या ग्रंथाचे ते नाव आहे. पुढे येणारी निर्गम, लेवीय व २ इतिहास हीही बायबलमधील ग्रंथांचीच नावे.)

सुरुवात वेदीच्या नियमापासून करावी. निर्गम २०:२४ आणि अनुवाद १२:१३-१४ यांच्या झेरॉक्स प्रती शेजारी ठेवून समान शब्द एका रंगाने व बदललेले शब्द दुसऱ्या रंगाने अधोरेखित करावेत. जिथे जिथे मी आपल्या नावाचे स्मरण करवीन त्या प्रत्येक स्थानी येईन, असे निर्गमात देव म्हणतो. अनुवाद तोच 'प्रत्येक स्थान' हा शब्दप्रयोग उचलतो आणि दिसेल त्या प्रत्येक स्थानी होमबली अर्पू नका, परमेश्वर निवडील त्या एकाच स्थानी अर्पा, असे सांगतो. परवानगीचे शब्द मनाईसाठी वापरले गेले. हा बदल बहुतेक अभ्यासक इ.स.पू. ७व्या शतकातील यहूदाचा राजा योशीया याच्या धर्मसुधारणेशी जोडतात.

हिंदू धर्मशास्त्राच्या वाचकाने येथे एक फरक ध्यानात ठेवावा. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा या टीकाग्रंथात याज्ञवल्क्याचा श्लोक जागच्या जागी राहतो आणि विज्ञानेश्वरांची टीका त्याच्या सोबत चालते. इथे मात्र टीकाच संहिता होऊन बसते.

यानंतर वल्हांडणाचे, म्हणजे मिसरातून सुटकेच्या स्मरणार्थ असलेल्या यहुदी सणाचे, कोकरू घ्यावे. मला स्वतःला हे उदाहरण सर्वांत मोलाचे वाटते. निर्गम १२:९ पाण्यात शिजवलेले खाण्यास मनाई करून विस्तवावर भाजण्यास सांगतो. अनुवाद १६:७ मध्ये मात्र 'बाशल', म्हणजे शिजवणे, हेच क्रियापद आज्ञा म्हणून येते. पुढे २ इतिहास ३५:१३ चा लेखक दोन्ही आज्ञा पाळतो: लोकांनी वल्हांडण नियमाप्रमाणे 'विस्तवावर शिजवले'. स्वयंपाकघरात हे वाक्य चमत्कारिक वाटेल, पण दोन पवित्र वचनांपैकी एकही न सोडण्याची शास्त्र्याची तळमळ त्यात दिसते. काही भाषांतरे अनुवादातही 'भाजणे' असाच शब्द घालून ही खूण पुसतात, म्हणून मूळ हिब्रू शब्द पाहावाच. मुंबईकरांना ही सोय जवळ आहे: मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल या यहुदी समाजाचे १७९६ सालचे शार हारहमीम हे सभास्थान मशीद बंदर स्थानकाजवळच आहे. ओळखीतल्या हिब्रू जाणणाऱ्या ज्येष्ठांना विनंती करून ही तिन्ही वचने मोठ्याने वाचून घ्यावीत. 'बाशल' तिन्ही वेळा कानाला ऐकू येतो.

पुढची पायरी म्हणजे बोलणारा कोण, हे तपासणे. मृत समुद्राजवळील कुमरानच्या ११व्या गुहेत सापडलेल्या, आठ मीटरहून लांब असलेल्या 'मंदिर गुंडाळी' या प्राचीन हस्तलिखितात अनुवादातील बरेच नियम पुन्हा लिहिलेले आहेत. मात्र मूळात देवाचे नियम लोकांना सांगणारा मोशे 'परमेश्वर' म्हणतो तिथे गुंडाळीत अनेकदा 'मी' येतो, म्हणजे मध्यस्थ दूर सारून देवच बोलू लागतो.

एवढे साधल्यावर दासांचे नियम निर्गम २१, अनुवाद १५ आणि लेवीय २५ या तीन ठिकाणी स्वतः लावून पाहावेत. निर्गमात दासी म्हणून विकलेल्या मुलीला पुरुष दासाप्रमाणे सुटका नाही, अनुवादात स्त्रीपुरुष दोघांनाही सातव्या वर्षी सुटका आहे आणि वर कळपातले, खळ्यातले व द्राक्षकुंडातले देऊन पाठवावे असे आहे, तर लेवीयात इस्राएली भाऊबंदाला दास म्हणून राबवायचेच नाही.