रक्ताने सही करण्याआधी: व्हॅम्पायर गेममधल्या करारांच्या या चुका टाळा

नागपुरातल्या वेगवेगळ्या टेबलांवर मी 'व्हॅम्पायर: द मास्करेड' हा रोलप्लेइंग गेम खेळलो आहे आणि चालवलाही आहे. यात खेळाडू फासे टाकत एकेक व्हॅम्पायर पात्र रंगवतात आणि गोष्ट पुढे नेणारा, बाकीची सगळी पात्रं चालवणारा तो स्टोरीटेलर. जवळपास प्रत्येक ठिकाणी एक प्रसंग ठरलेला. खेळाडू अडचणीत सापडतो, समोरचा जुना व्हॅम्पायर कागद पुढे सरकवतो आणि खेळाडू म्हणतो, "केली सही, पुढे चला." त्या एका वाक्यापायी चांगल्या रंगलेल्या गोष्टी बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

नव्या लोकांचा पहिला गोंधळ शब्दांचा असतो. रक्तबंध वेगळा. एकाच व्हॅम्पायरचं रक्त तीन वेगवेगळ्या रात्री प्यायलं की पिणारा त्याच्यात पुरता गुंततो. तिथे कागद नाही, अटी नाहीत, फक्त ओढ आहे. बून म्हणजे उपकाराचं देणं. ते क्षुल्लक कामापासून थेट जिवाच्या मोलापर्यंत असू शकतं, पण त्यामागे जादू नसते. व्हॅम्पायर समाजात कुणाची किती पत यावर नजर ठेवणारे हार्पी त्याचा हिशेब ठेवतात आणि देणं बुडवणाऱ्याची पत जाते, एवढंच. रक्ताचा करार हा तिसराच प्रकार. २०११ च्या विसाव्या वर्धापन आवृत्तीत तो थॉमटर्जीचा, म्हणजे रक्ताच्या जादूचा, पाचव्या पातळीचा विधी आहे, म्हणजे जादूगार व्हॅम्पायरांच्या ट्रेमेर कुळात कालपरवा दीक्षा मिळालेल्याचं हे काम नाही. विधी करणारा स्वतःच्या रक्ताने मजकूर लिहितो, सही करणारे आपापल्या रक्ताने सही करतात. मजकुरासाठी एक ब्लड पॉइंट (पात्राच्या अंगातलं रक्त मोजायचं खेळातलं माप) जातो, सही करणाऱ्या प्रत्येकाचा आणखी एक. अटी पूर्ण झाल्या किंवा मूळ कागद जळला, तरच करार सुटतो.

आता ज्या चुकीचा मला खरोखर वीट आला आहे ती सांगतो: मोजता न येणारं कलम.

आमच्या एका खेळात भोसल्यांच्या काळापासून महाल भागातल्या वाड्यात राहणारा एक व्हेंट्रू, म्हणजे सत्ता गाजवणाऱ्या कुळातला व्हॅम्पायर, होता. ब्रूहा, म्हणजे बंडखोर कुळातलं पात्र, खेळणाऱ्या आमच्या मित्राला इतवारीतल्या स्वतःच्या गोदामाला संरक्षण हवं होतं. व्हेंट्रूने करार मांडला, त्यात त्याच्या बाजूने एकच ओळ होती: "मी बोलावेन तेव्हा मदतीला यावं." मी विचारलं, नीट वाचणार का? मित्र म्हणाला, "लिहून टाका न भाऊ, कायले टाइम घालवता!" स्टोरीटेलर मीच होतो आणि मीही ते लिहू दिलं. तिथे थांबायला हवं होतं.

पुढच्या सेशनला बाकीचे फुटाळा तलावावर व्हॅम्पायरांच्या शिकाऱ्यांशी झुंजत होते आणि आमचा ब्रूहा महालात दारावर पहारा देत होता. त्याच्या पुढच्या वेळीही बोलावणं आलं, मग तिसऱ्यांदाही. बोलावण्याला मर्यादाच नव्हती आणि व्हेंट्रूसारखं धोरणी पात्र अशी संधी सोडणं मला खोटं वाटत होतं. चौथ्या शनिवारी तो मित्र आला नाही. त्याने फोनवर शांतपणे सांगितलं की चार तास दुसऱ्यांचा खेळ बघायला लक्ष्मीनगरापर्यंत येण्यात अर्थ नाही. त्याचं बरोबर होतं.

तेव्हापासून माझ्या टेबलावर सही होण्याआधी मी स्वतः कलम मोठ्याने वाचतो आणि चार प्रश्न विचारतो. नेमकं काय करायचं? किती वेळा? कुठल्या हद्दीत? कधी संपणार? एकाचंही उत्तर 'बघू' आलं, तर शाई वाळत नाही. "पुढच्या अमावास्येपर्यंत तीनदा, नाग नदीच्या अलीकडे, स्वतःच्या साथीदारांविरुद्ध नाही" असं लिहिलं की करार धारदार होतो आणि खेळाडूला त्यात खेळायला जागाही राहते.

नागपूरकराला हे वेगळं शिकवायची गरज पडू नये. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात सरकार ठरावीक काळासाठी नागपूरला हलेल आणि विधिमंडळाचं वर्षाला किमान एक अधिवेशन इथे होईल, असं लिहिलं आहे. अधिवेशन झालं की नाही, हे कुणीही सांगू शकतो. पण 'ठरावीक काळ' म्हणजे किती, यावर आपल्याकडे आजही भांडण होतं. तुमच्या खेळातही भांडण नेमकं अशाच शब्दावर होणार.

एकदा वकिली शिकणाऱ्या एका खेळाडूने हुशारीने १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं २९ वं कलम काढलं: ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार रद्दबातल. न्यायालयात हे चालेल. रक्ताच्या करारात न्यायाधीश नसतो. पालन कसं करून घ्यायचं हे नियमाने पूर्णपणे स्टोरीटेलरवर सोडलं आहे. म्हणून संदिग्ध कलम तुम्हाला वाचवत नाही, ते बलवान पक्षाच्या पदरात पडतं.

दुसरी मोठी चूक स्टोरीटेलरची. नियमात लिहिलंय की पालनासाठी हवं ते साधन वापरता येतं, काही करारांच्या बाबतीत तर प्रत्यक्ष राक्षस प्रकट होतो. नवखा स्टोरीटेलर याचा अर्थ असा लावतो की खेळाडूच्या हातातून पात्र काढून घ्यायचं: "तू आता उठतोस आणि तुझ्या मित्राला मारतोस." हे मला अजिबात पटत नाही. माणूस शनिवारची रात्र देतो ती निर्णय घ्यायला. मी पात्राला कधीच हलवत नाही, नकाराची किंमत वाढवत नेतो. पहिल्या नकाराला सही केलेल्या बोटातून रक्त झिरपतं. दुसऱ्याला त्या रात्रीच्या शिकारीतलं रक्त अंगी लागत नाही. तिसऱ्याला दारात कुणीतरी उभं असतं आणि ते करार शब्दशः पाठ म्हणून दाखवतं. ही माझी सवय आहे, पुस्तकातला नियम नव्हे. पण 'नाही' म्हणायचा हक्क शेवटपर्यंत खेळाडूकडे राहतो.

तीन रात्री गाळू नका. विधी पूर्ण व्हायला तीन रात्री लागतात आणि कंटाळलेले खेळाडू त्या एका वाक्यात उडवतात. खरा खेळ त्या तीन रात्रींतच असतो: कुणी कागद चोरेल, कुणी मध्यस्थ पाठवेल, कुणाचं मन फिरेल. ज्यांना एवढाही दम निघत नाही, त्यांनी साधं बून घ्यावं.

'हा कागद जाळता येणार नाही' असं कलम घालू नका. तसं केलं तर विधी पूर्ण होताच तो कागद आपोआप पेटतो.

झेरॉक्स जाळून काही होत नाही.

डॉमिनेट, म्हणजे दुसऱ्याच्या मनावर हुकूम चालवणारी शक्ती, वापरून घेतलेली सही चालेल का, हे पहिल्याच बैठकीत ठरवा. माझ्याकडे चालत नाही.

दोन खेळाडूंच्या पात्रांमध्ये करार होत असेल तर आधी माणसांशी बोला, पात्रांशी नंतर.

टेबलावर खऱ्या रक्ताचा थेंबही नको. बीटाचा रस जुन्या वहीच्या पानावर उत्तम दिसतो.

आणि जाळणं सोपं समजू नका. व्हॅम्पायरला आगीचं भय असतं, करेजचा रोल लागतो, म्हणजे धैर्यासाठी फासे टाकावे लागतात: कुणी सिगारेट पेटवली तर डिफिकल्टी (फाशावर गाठायचा आकडा) ३, मशाल दिसली तर ५, मोठा जाळ असेल तर ६. करारातून सुटण्याचा एक मार्ग त्याच्या सर्वांत मोठ्या भीतीतून जातो, म्हणून मला हा विधी इतका आवडतो.

त्या ब्रूहावाल्या मित्राला मी घरी जाऊन भेटलो, चूक माझी होती हे सांगितलं आणि एकच गोष्ट विचारली: तो कागद वाड्यात कुठे असेल, असं तुझ्या पात्राला वाटतं? पुढच्या शनिवारी तो आला. लपूनछपून वावरणाऱ्या नॉस्फेरातू कुळातलं पात्र खेळणाऱ्या मैत्रिणीने माडीवरची संदूक शोधून दिली, त्याने कागद हातात घेतला आणि काडी ओढली. रोलमध्ये दोन सक्सेस आले, दोन फासे यशस्वी, म्हणजे दोन टर्न (खेळातल्या पाळ्या) पुरेल एवढा धीर. पहिला टर्न काडी कागदापर्यंत नेण्यात गेला.