गाडीत एलईडी बल्ब बसवताय? या चुका टाळा

फिलामेंटचा बल्ब आपल्याला फक्त दिवा वाटतो. गाडीच्या वायरिंगच्या लेखी मात्र तो ठरावीक करंट ओढणारा लोड असतो, आणि रिफ्लेक्टरच्या लेखी एका नेमक्या जागी पेटणारी, चहूबाजूंना उजेड टाकणारी बारीक तार असते. शिवाय तो भरपूर तापतो, आणि त्या उष्णतेचाही उपयोग होत असतो. एलईडी या तिन्ही बाबतींत वेगळा वागतो. इंडिकेटर भराभर उघडझाप करतो, दार लावल्यावरही छताचा दिवा मिणमिणत राहतो, समोरून येणारा प्रत्येक जण अपर मारून जातो, या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

बेस न पाहता बल्ब मागवणं

गाडीचं मॉडेल सांगून बल्ब मागवू नका. जुना बल्ब काढून त्याच्यावरचा क्रमांक वाचा. पार्किंग, नंबर प्लेट आणि मॅप लाइटला बहुधा काचेच्या चपट्या बुडाचा टी-१० म्हणजे डब्ल्यू५डब्ल्यू असतो. छताच्या दिव्यात पुष्कळदा दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला फेस्टून असतो, आणि तो ३१, ३६, ३९ किंवा ४१-४२ मिलिमीटर लांबीचा येतो. सगळ्यात जास्त घोळ ३६ आणि ३९ मध्ये होतो. आखूड बल्ब खड्ड्यात गाडी आदळली की विझतो. लांब बल्ब दामटून बसवला तर पत्र्याच्या पट्ट्या वाकतात आणि नंतर योग्य बल्बही सैल बसतो. टोकापासून टोकापर्यंत पट्टीनं मोजा. एलईडीची चपटी प्लेट काचेच्या नळीपेक्षा रुंद असते, म्हणून दिव्याच्या झाकणात आत किती जागा आहे तेही पाहून घ्या.

मागच्या दिव्यांच्या पिनांकडे नीट लक्ष द्या. पी२१डब्ल्यूच्या दोन पिना समोरासमोर आणि एकाच उंचीवर असतात. पिवळ्या पीवाय२१डब्ल्यूच्या पिना १५० अंशांवर असतात. ब्रेक आणि टेल एकत्र असलेल्या पी२१/५डब्ल्यूच्या पिना वेगवेगळ्या उंचीवर असतात आणि बुडाला दोन टिकल्या असतात. हा फरक चुकीचा बल्ब चुकीच्या जागी बसू नये म्हणूनच ठेवलेला आहे. पिन कानशीनं घासून बल्ब ‘बसवून’ दिला, की ब्रेकच्या जागी टेल पेटतो किंवा दोन सर्किट एकमेकांना चिकटतात. चपट्या बुडाच्या ७४४३ बल्बमध्ये तर बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या सॉकेटची आतली जोडणी दोन प्रकारची असते. चुकीच्या प्रकारचा एलईडी घातला की थेट शॉर्ट होतो आणि फ्यूज उडतो.

फ्यूज न काढता छताचा दिवा उचकटणं

छताच्या दिव्याला दार बंद असतानाही वीज येत असू शकते. झाकण काढायला लोखंडी स्क्रूड्रायव्हर घातला आणि त्याचं टोक पट्टी व बॉडी या दोन्हींना टेकलं, की ठिणगी पडून फ्यूज जातो. त्याच फ्यूजवर बऱ्याच गाड्यांत रेडिओची मेमरी किंवा सेंट्रल लॉकही असतं, त्यामुळे दिव्याच्या नादात भलतंच काही बंद पडतं. आधी फ्यूज काढा, प्लास्टिकची पट्टी वापरा, आणि पेटता असलेला बल्ब निदान दहा मिनिटं निवू द्या.

नवा बल्ब पेटला नाही तर तो लगेच खराब ठरवू नका. एलईडीला प्लस-मायनस असतं. टी-१० किंवा फेस्टून काढून उलटा फिरवून बसवा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. झाकण लावण्याआधी, आणि डॅशबोर्डचं मीटर उघडलं असेल तर ते स्क्रूनं कसण्याआधी, प्रत्येक दिवा पेटवून पाहा.

बंद असूनही मिणमिणणारा दिवा

दार लावल्यावर दिवा हळूहळू मंद होण्याची सोय असलेल्या गाड्यांत दिवा बंद असतानाही काही मिलिअँपिअर करंट झिरपत असतो. पाच वॅटच्या फिलामेंटला तापायला सुमारे ४०० मिलिअँपिअर लागतात, म्हणून ते झिरपणं कधी दिसलंच नाही. एलईडी मात्र दोन-तीन मिलिअँपिअरवरही उजळतो. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे त्याच सर्किटवरचा एक दिवा, समजा डिकीचा, जुन्या बल्बवरच ठेवणं. नाहीतर एलईडीला समांतर १ किलोओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लावा. इंडिकेटरसाठी मिळणारा ५० वॅटचा रेझिस्टर छतात मुळीच लावू नका. तो फोम आणि कापड जाळू शकतो.

मीटरमधले बल्ब बदलताना बॅटरी चार्जिंगच्या इशाऱ्याचा बल्ब सोडून द्या. जुन्या रचनेच्या गाड्यांत त्या दोन-तीन वॅटच्या बल्बमधून जाणारा करंटच अल्टरनेटरला सुरुवातीची चेतना देतो. तिथे एलईडी घातला की करंट अपुरा पडतो आणि अल्टरनेटर चार्ज करायलाच सुरुवात करत नाही. मग बल्ब सोडून बाकी सगळं तपासलं जातं. इंडिकेटरची दोन्ही बाजूंना मिळून एकच बाणाची खूण असेल तर तिथेही सावध राहा. तो बल्ब डाव्या आणि उजव्या तारांच्या मधोमध जोडलेला असतो आणि एका वळणाला त्यातून करंट उलटा वाहतो. साधा एलईडी तिथे एकाच बाजूला पेटतो.

लाल काचेमागे पांढरा बल्ब

पांढरा एलईडी म्हणजे निळी चिप आणि तिच्यावर पिवळसर लेप. त्याच्या उजेडात निळं भरपूर आणि लाल कमी असतं. लाल काच फक्त लाल तेवढं बाहेर सोडते, त्यामुळे पांढरा एलईडी हातात डोळे दिपवतो आणि काचेमागे गुलाबी, मळका दिसतो. लाल काचेमागे लालच, पिवळ्या काचेमागे पिवळाच, आणि इंडिकेटरची काच पारदर्शक असेल तरीही बल्ब पिवळाच.

ब्रेक-टेलच्या जोडबल्बमध्ये उजेडाचं प्रमाण जास्त महत्त्वाचं असतं. मूळ पी२१/५डब्ल्यूमध्ये ब्रेकचं फिलामेंट ४४० ल्युमेन (ल्युमेन म्हणजे उजेड मोजायचं एकक) आणि टेलचं ३५ ल्युमेन, म्हणजे बारापटीहून जास्त फरक असतो. स्वस्त एलईडीत टेलच इतका प्रखर असतो की ब्रेक दाबल्याचं मागच्याला कळत नाही. एकाला ब्रेक दाबायला बसवा, पार्किंग लाइट चालू ठेवा आणि भर उन्हात दहा मीटर मागे उभे राहा. फरक चटकन कळला नाही तर तो बल्ब परत करा. चिप्स बाजूंनाही हव्यात. फक्त टोकाला चिप्स असलेला बल्ब रिफ्लेक्टर उजळत नाही, मधोमध एक ठिपका तेवढा दाखवतो.

इंडिकेटरची घाई

२१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टला १.७५ अँपिअर ओढतो. त्याच्या जागचा ३ वॅटचा एलईडी पाव अँपिअर. इंडिकेटरची उघडझाप करणाऱ्या फ्लॅशरला वाटतं एक बल्ब गेला, आणि तो मुद्दाम भराभर उघडझाप करून चालकाला सांगतो. म्हणजे हा बिघाड नाही, चुकीच्या समजुतीवर दिलेला खरा इशारा आहे.

उपाय दोन, आणि कुठला चालेल हे गाडीवर ठरतं. गाडीत वेगळा फ्लॅशर रिले असेल तर एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक रिले बसवा. पिनांची संख्या आणि क्रम जुन्याशी जुळवून घ्या. हा मार्ग केव्हाही स्वच्छ. अलीकडच्या गाड्यांत मात्र हे काम दिवे वगैरे सांभाळणारा गाडीतला छोटा संगणक, म्हणजे बॉडी कंट्रोल युनिट करतं आणि बदलायला रिलेच नसतो. तिथे लोड रेझिस्टर लागतो: साधारण ६ ओहम, ५० वॅट, आणि तोही बल्बला समांतर, म्हणजे एक टोक इंडिकेटरच्या तारेला, दुसरं अर्थला. तो तारेच्या मध्येच तोडून जोडणं ही नेहमीची चूक. तशानं बल्ब मंदावतो आणि घाई तशीच राहते.

इंजिन चालू असताना १३.५ व्होल्टला ६ ओहममधून २.२५ अँपिअर वाहतात, म्हणजे पेटलेल्या क्षणी ३० वॅट उष्णता. हझार्ड लाइट दहा मिनिटं चालू राहिले तर तो बोट टेकवता येणार नाही इतका तापतो. त्याला प्लास्टिकवर, बंपरच्या आत किंवा तारांच्या जुडग्यावर टाय मारून बांधू नका. उघड्या पत्र्यावर दोन स्क्रूंनी घट्ट बसवा. ५० वॅटची क्षमता धातूला टेकलेला असतानाच खरी असते. आणि इतका खटाटोप करून विजेची बचत शून्य, हेही लक्षात असू द्या.

बल्बची तपासणी करणाऱ्या गाड्यांत आणखी एक गंमत होते. दिवा बंद असतानाही युनिट क्षणभराच्या विजेचे ठोके पाठवून फिलामेंट शाबूत आहे का बघतं. फिलामेंट तेवढ्यात तापत नाही, एलईडी मात्र लुकलुकतो. ‘कॅनबस’ लिहिलेल्या बल्बात आतच रेझिस्टर असतो आणि पुष्कळदा तेवढं पुरतं, पण तो बल्ब जास्त तापतो. तपासणी नसलेल्या गाडीत तो घेण्यात अर्थ नाही.

हेडलाइट

सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त फसगत इथे आहे. खोक्यावर २०,००० ल्युमेन लिहिलेलं असतं. २५ वॅटच्या एलईडीतून प्रत्यक्षात सुमारे अडीच हजार ल्युमेन निघाले तरी बरं म्हणायचं. मूळ फिलामेंटचा एच-७ हॅलोजन बल्ब १५०० देतो, दोन फिलामेंटचा एच-४ डिपरला १००० आणि अपरला १६५०. पण खरा प्रश्न ल्युमेनचा नाहीच. रिफ्लेक्टरचा प्रत्येक वळसा फिलामेंटची जागा धरून आखलेला असतो. एच-४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली छोटी पत्र्याची वाटी असते, तीच वरचा उजेड कापून रेषा तयार करते. एलईडीच्या चिप्स नेमक्या त्याच जागी, पातळ पट्टीवर आणि डावी-उजवीकडे तोंड करून असल्या पाहिजेत. वर-खाली तोंड करून बसवल्या तर मध्ये अंधार आणि समोरच्याच्या डोळ्यांत झोत.

म्हणून जुना बल्ब काढण्याआधी सपाट जागी, भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करा आणि डिपरची रेषा चिकटपट्टीनं भिंतीवर खुणा करून ठेवा. एलईडी बसवल्यावर तीच रेषा त्याच खुणेवर आली पाहिजे. रेषा स्वच्छ आहे पण वर-खाली सरकली असेल तर झोत जुळवता येतो. रेषेच्या वर धुकट उजेड पसरला असेल तर तो बल्ब त्या दिव्यासाठी नाही; स्क्रू फिरवून झोत खाली नेलात तर लांबचं दिसणंच जाईल. बोनेटसमोरचा रस्ता लख्ख दिसू लागला म्हणून खूश होऊ नका. जवळचा उजेड जितका प्रखर, तितका डोळ्याला दूरचा अंधार गडद वाटतो.

कायदाही पाहा. हॅलोजनसाठी मंजूर झालेल्या दिव्यात एलईडी घालायला अनेक देशांत परवानगी नाही. जर्मनीत २०२० पासून काही बल्बना मान्यता मिळाली, तीही ठरावीक मॉडेलच्या ठरावीक दिव्यांसाठीच.

हॅलोजनची उष्णता पुढे काचेकडे जाते, एलईडीची मागे पंख्याकडे. मागचं रबरी झाकण लावलं तर काही बल्ब गुदमरतात आणि स्वतःला वाचवायला मंद होतात. झाकण कापून टाकलं तर धूळ आणि पाणी रिफ्लेक्टर खातात. जागा नसेल तर आखूड बुडाचा बल्ब शोधा. फोनच्या लक्स मीटरनं पहिल्या मिनिटाला आणि विसाव्या मिनिटाला भिंतीवरचा उजेड मोजा; मोठी घट दिसली तर उष्णता बाहेर पडत नाहीये. पूर्वी काचेच्या आतलं दव आपोआप सुकायचं, ते आता रेंगाळेल. दिव्याच्या मागच्या हवेच्या नळ्या मोकळ्या आहेत का पाहा.

रेडिओची खरखर आणि सैल सॉकेट

एलईडीला करंट पुरवणाऱ्या आतल्या सर्किटला ड्रायव्हर म्हणतात; तो निकृष्ट असला की एफएमवर खरखर येते. कमजोर स्टेशन लावून एकेक दिवा चालू करा, दोषी लगेच सापडतो. तारेवर फेराइट मणी (खरखर शोषणारं चुंबकीय कडं) चढवल्यानं कधी कधी भागतं, नाहीतर बल्ब बदलावा लागतो. चालू इंजिनवर व्होल्टेज १४.५ पर्यंत जातं; त्यामुळे नुसत्या रेझिस्टरवर चालणारे बल्ब लवकर जातात, आत करंट स्थिर ठेवणारा ड्रायव्हर असलेले घ्या.

टी-१० एलईडीचं बूड काचेच्या बुडापेक्षा जाड असेल तर सॉकेटच्या पट्ट्या फाकतात. पुन्हा साधा बल्ब लावायची वेळ आली की तो सैल बसतो. फ्यूज काढून बारीक चिमट्यानं त्या पट्ट्या हलकेच आत दाबा, मग बल्ब घाला.